फॉरमॅट मारण्याआधी...

आपल्या हॉस्टेलवर कुठलाही पीसी आजारी पडला की डॉक्टर दहा आणि औषध एकच, "फॉरमॅट मार!" माझा या औषधाला विरोध आहे. का, ते सांगतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर माझा रूममेट गावाहून वडिलांचा जुना पीसी घेऊन आला. काकांचं दूध संकलन केंद्र आहे. २००७ पासूनचा सगळा हिशोब त्या हार्ड डिस्कवर, आणि बॅकअपचा पत्ता नाही. मशीन सुरू केलं की एक्सपीचा लोगो यायचा आणि धाडकन रीस्टार्ट. तालुक्याच्या एका दुकानदाराने पाच मिनिटांत निकाल दिला होता, "डेटा विसरा, फॉरमॅट करून देतो."

आमचा प्लॅन साधा होता. लिनक्सच्या लाइव्ह सीडीवरून मशीन सुरू करायचं, म्हणजे हार्ड डिस्कवरच्या विंडोजची गरजच नाही, आणि फाइल्स पेन ड्राइव्हवर काढायच्या. (पेन ड्राइव्हवरूनच बूट करायची सोय त्या जुन्या बायॉसमध्ये नव्हती.) सीडी टाकली, आणि पुन्हा तोच लोगो!

झालं, विंगमधले तज्ज्ञ जमले. एक म्हणाला ड्राइव्ह गेला, दुसरा म्हणाला मदरबोर्ड. तिसरा तर स्क्रू ड्रायव्हर घेऊनच आला. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला! गाडी नेमकी कुठे अडली, हे कुणी विचारलंच नाही. सीडीवरून बूट व्हायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. बायॉसने हार्ड डिस्कच्या आधी ड्राइव्हकडे बघायला हवं, ड्राइव्हला चकती वाचता यायला हवी, आणि चकतीवर बूट होण्याजोगं काही असायला हवं.

लोगो येण्याआधी चकती फिरल्याचा आवाजच येत नव्हता. म्हणजे बायॉस तिकडे फिरकतच नव्हता. सेटअपमध्ये गेलो तर तारीख १ जानेवारी २००६, आणि बूट ऑर्डरमध्ये हार्ड डिस्क पहिली. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सीआर२०३२ सेल संपला होता, त्यामुळे सेटिंग्ज मूळपदावर गेलेल्या. नवा सेल टाकला, ऑर्डर बदलली. आता चकती फिरली, थांबली, आणि... लोगो.

"बघ, ड्राइव्हच गेलाय," स्क्रू ड्रायव्हरवाला खूश! पण आम्ही कपाटातली एक्सपीची ओरिजिनल सीडी टाकली. लगेच 'प्रेस एनी की' आलं. आम्ही अर्थातच कुठलीही की दाबली नाही. पण या एका टेस्टने ड्राइव्ह, केबल, बायॉस तिघेही निर्दोष सुटले. (तुमची चकती डीव्हीडी असेल तर मात्र सीडीवर टेस्ट करून भागत नाही. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा. एक चालतो म्हणून दुसरा चालेलच असं नाही.)

मग आमची सीडी लॅबच्या पीसीवर उघडली. आत एकच फाइल, आयएसओ! रूममेटने गाणी कॉपी करावीत तशी ती सीडीवर टाकली होती. १९९५ मध्ये फिनिक्स आणि आयबीएमने 'एल टोरिटो' नावाचं स्पेसिफिकेशन काढलं. त्यानुसार २०४८ बाइट्सच्या सेक्टर्सपैकी १७ क्रमांकाच्या सेक्टरमध्ये 'इथून बूट करा' ही खूण असावी लागते. फाइल कॉपी केली की ती खूण फाइलच्या पोटात राहते, बायॉसला दिसत नाही. 'बर्न इमेज' करून, कमी स्पीडवर, दुसरी सीडी लिहिली आणि मशीन पहिल्या फटक्यात सुरू! इतक्या वर्षांचं दूध जेमतेम ६० एमबीत मावलं.

बूटिंग प्रोसेस आपण सगळ्यांनी जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवली आहे, व्हायवाला घडाघडा म्हटली आहे. पण बंद पडलेलं मशीन समोर ठेवून "शोधा" असं आपल्याला कुणी सांगितलं का? माझ्या मते फर्स्ट इयरच्या लॅबमध्ये असा एक पीसी मुद्दाम बिघडवून ठेवावा. सेल काढा, बूट ऑर्डर उलटी करा, नव्या मशीनवर सिक्युअर बूट चालू ठेवून जुनी चकती हातात द्या. आणि मार्क ड्राइव्ह बदलणाऱ्याला नाही, ड्राइव्ह चांगला आहे हे सिद्ध करणाऱ्याला द्या.

असो. डेटा दोन पेन ड्राइव्हवर घेतला, काकांना फोन करून फाइल्स उघडून आकडे वाचून दाखवले, आणि त्यानंतर आम्हीही फॉरमॅटच मारलं.