तिथी बघा, भाकरी बांधा आणि फोटो काढायला निघा

आपल्या घरातील भिंती एकदा नजरेसमोर आणा. तथागतांची तसबीर असते, बाबासाहेबांची असते, लग्नातला एखादा फोटो असतो, मुलाच्या दहावीच्या सत्काराचा असतो. पण ज्या आजीचा सारा जन्म गावाकडे गुरांमागे आणि रानात गेला, तिचा फोटो किती घरांत आहे? असलाच तर निवडणूक ओळखपत्रावरचा! कारण साधे आहे. कॅमेरा तालुक्याच्या स्टुडिओत होता आणि स्टुडिओत जायला पैसे लागत होते. आज तोच कॅमेरा फोनच्या रूपाने आपल्या खिशात आला आहे, आणि त्यात आपण साठवतो काय, तर सकाळचे सुविचार आणि दुसऱ्यांनी पाठवलेली फुले!

म्हणूनच मागे माघ महिन्यातल्या एका रविवारी आमच्या वस्तीतील १४ जण, लहानथोर मिळून, अलिबागच्या बाजूला गुरे-पाखरे आणि समुद्र यांचे फोटो काढायला गेलो. "सहल ही पैसेवाल्यांची चैन" असे आमच्यातल्याच काहींनी ऐकवले. मी कॉमर्सचा माणूस, जमाखर्च आधी मांडतो. खर्चाच्या बाजूला लाँचचे तिकीट, रिक्षाभाडे आणि चहा, एवढ्याच तीन रकमा होत्या. भाकरी, सुकी चटणी, उकडलेली अंडी आणि पाणी घरून घेतले. हॉटेल नाही, मुक्काम नाही. जमेच्या बाजूला काय पडले, ते पुढे सांगतो.

अशा सहलीला निघण्याआधी कॅलेंडरावर रविवार बघतो तशीच तिथीही बघावी. समुद्राला भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण ५० मिनिटे पुढे सरकते. आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब असा, की तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल तितक्या वाजता भरती. आम्ही निघालो तो दिवस द्वादशीचा. बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी, दुपारी सव्वातीनच्या आसपास ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावस्येला हाच हिशेब सव्वाअकरावर येतो. हा अंदाज आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी तिथल्या माणसाला विचारावेच.

गेटवेहून पहिल्या लाँचने मांडव्याकडे निघालो. लाँचमागे पांढऱ्या पाखरांचा थवा लागला. हे कुरव पक्षी. त्यांतले तपकिरी डोक्याचे कुरव उन्हाळ्यात लडाख आणि मध्य आशियातील उंचावरच्या तलावांकाठी घरटी करतात आणि हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येतात. हिवाळ्यात त्यांचे डोके तपकिरी नसते. पांढऱ्या डोक्यावर डोळ्यामागे फक्त गडद ठिपका असतो. हा ठिपका फोटोत येतो का, हीच मुलांची पहिली परीक्षा. लोक पाकिटातले तळलेले पदार्थ हवेत उडवत होते. आमच्या मुलांना ते करू दिले नाही. मीठ-तेलाचे ते खाणे पाखरांचे नव्हे. पहिले शील आपण रोज म्हणतो, ते पाखरांनाही लागू आहे.

लाँचवर असतानाच एक नियम केला. पूर्वी कॅमेऱ्यात रोळ घालत, त्यात ३६ फोटो निघत. आमच्याकडे चार फोन. प्रत्येक मुलाला दिवसभरात २० फोटो, आणि संध्याकाळपर्यंत एकही खोडायचा नाही. त्याचा परिणाम असा झाला की बटण दाबण्याआधी पोरे बघू लागली!

मांडव्याहून रिक्षाने चोंढी नाक्यावर आलो आणि तिथून चालत किहीमच्या रस्त्याला लागलो. वाटेत एका झाडावर सुगरणीची वाळकी घरटी लोंबत होती. हंगाम पावसाळ्याचा, त्यामुळे आता ती रिकामी होती. याच किहीममध्ये १९३० साली डॉ. सलीम अली यांनी घराजवळच्या झाडांवरील सुगरणींचा अभ्यास केला. त्या वेळी त्यांची संग्रहालयातली नोकरी गेली होती. माणूस हातात काम नाही म्हणून खचला नाही, रोज बसून पाखरे बघत राहिला आणि टिपणे ठेवत राहिला. त्यातून त्यांनी दाखवून दिले, की घरटे विणतो तो नर. अर्धे घरटे झाले की माद्या येऊन ते पारखतात. पसंत पडले तर मादी राहते आणि नर ते पुरे करतो. मग तो दुसरे विणायला घेतो. आपण पाखराला नाव दिले सुगरण, आणि घर बांधतोय बाप्या! हे ऐकून आमच्याबरोबरच्या भगिनी खूप हसल्या आणि पुरुषमंडळींनी भाकरीची पिशवी निमूटपणे खांद्यावर घेतली.

पुढे शेतात म्हशी चरत होत्या. प्रत्येक म्हशीच्या पायाशी एखादा गायबगळा. म्हैस चालली की गवतातले किडे उडतात, ते बगळा टिपतो. एकीच्या पाठीवर कोतवाल बसला होता, तोही त्याच आशेने. मुली हरखल्या. आमच्याबरोबर वस्तीतले एक निवृत्त गिरणी कामगार होते. त्यांची नात आठवीत आहे. ती म्हणाली, "आजोबा, चला ना, म्हशीजवळ उभे राहा. किती सुंदर आहे!"

आजोबा जागचे हलले नाहीत. म्हणाले, "तू काढ. मला नको."

थोड्या वेळाने बांधावर बसून त्यांनी स्वतःच सांगितले. चौथीत असताना त्यांची शाळा सुटली ती म्हशींमुळे. म्हशी घरच्या नव्हत्या, गावातल्या दुसऱ्याच्या होत्या. बापाने घेतलेले पैसे फिटेपर्यंत पोराने त्या राखायच्या, असा ठराव. शाळेच्या मागूनच गुरांची वाट जात होती. आतून पाढे ऐकू यायचे, ते म्हशीच्या पाठीवर बसून हे म्हणायचे. "एकोणतीसचा पाढा मी तसा पाठ केला," ते म्हणाले. "पण सही करायला गिरणीत आल्यावर शिकलो."

नातीने हे कधी ऐकले नव्हते. तिच्या बापानेही ऐकले नव्हते! वस्तीतल्या खोलीत, टीव्हीच्या आवाजात, असल्या गोष्टी निघत नाहीत. पोर गप्प बसली. मग तिने विचारले, "आजोबा, तुम्हाला चालेल तेव्हाच काढते. नाही तर नको."

म्हातारा उठला. समोरून न जाता म्हशीच्या बाजूने गेला, तोंडाने 'च्यक च्यक' असा आवाज केला, आणि इतका वेळ खाली मान घालून चरणाऱ्या म्हशीने मान वर केली. नात गवतात गुडघ्यावर बसली होती. जनावराच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा हवा, हे सकाळीच सांगितले होते. तिने एकच फोटो काढला. त्यात आजोबा हसत नाहीत. म्हशीच्या शिंगाकडे बघत उभे आहेत.

दुपारी अलिबागला पोचलो. कोळीवाड्याच्या बाजूला जवळा वाळत घातला होता, बांबूवर बोंबील टांगले होते. मुलांनी फोन उचलले तशी एक मावशी करवादली, "फोटू काराला सगली येतान, म्हावरा घ्यावाला कोन येत नाय!" तिचे काय चुकले? आपल्या वस्तीतही लोक येतात, गटाराचे आणि उघड्या पोरांचे फोटो काढतात आणि निघून जातात. आपल्याला विचारतो कोण? मुलांना फोन खाली ठेवायला सांगितले. मावशीजवळ बसलो, कोलंबी आणि जवळा यांत फरक काय ते तिने समजावले, भगिनींनी सुका जवळा घेतला. मग एका मुलीने विचारले, "मावशी, तुमचा काढू का?" मावशीने पदर सारखा केला, आणि टोपली हातात घेतली. "कामाचा कार," म्हणाली. फोटो छापून पाठवायचा म्हणून पत्ताही लिहून घेतला.

साडेतीनच्या सुमारास घोट्याएवढ्या पाण्यातून कुलाबा किल्ल्याकडे निघालो. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतलेला हा जलदुर्ग ओहोटीत पायी गाठता येतो. घोडागाड्या पाणी उडवत जात होत्या. पण मुलांचे लक्ष गेले ते ओल्या वाळूवरच्या बारीक बारीक गोळ्यांकडे. नखाएवढे खेकडे वाळू तोंडात घेऊन त्यातले अन्न खातात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतात. बिळाभोवती त्या गोळ्यांची रांगोळी होते. पाच मिनिटे न हलता बसले तर खेकडे बाहेर येतात. दहा वर्षांचा एक मुलगा, जो वर्गात पाच मिनिटे बसत नाही अशी त्याच्या आईची तक्रार आहे, तो वीस मिनिटे बसला.

आता ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे कामाचे. खारा वारा काचेवर बसतो, म्हणून दर अर्ध्या तासाने सुती कपड्याने फोनची काच पुसावी. सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी साडेचारनंतर प्रकाश मऊ असतो. भर दुपारी सावलीतले फोटो काढावेत. लांबचे पाखरू बोटांनी मोठे करू नये, फोटो फाटल्यासारखा दिसतो. जेवढे जवळ जाता येईल तेवढेच जावे आणि पाखरू मान वर करून बघू लागले की थांबावे. थवा उडवून फोटो काढू नये. रात्री जनावरांवर फ्लॅश तर मारूच नये. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला २००२ पासून समुद्री कासवांची अंडी जपतात. पिल्ले उजेडाच्या रोखाने समुद्राकडे जातात, त्यांना बॅटरी किंवा फ्लॅश चकवतो. पावसाळ्यात गेटवेच्या मांडवा लाँचा बंद असतात, हेही ध्यानात ठेवावे.

परतल्यावर मुलांनी प्रत्येकी दोन फोटो निवडले. ते छापून वस्तीतल्या अभ्यासिकेत लावले आहेत. आजोबांचा फोटो नातीने निवडला, आजोबांना विचारून. कोळीवाड्यातल्या मावशीचा फोटो टपालाने गेला.

शेवटी एक विनंती. फोनमधले फोटो फोनबरोबर हरवतात. वर्षाकाठी निदान दहा छापून घ्या, आणि प्रत्येकाच्या मागे पेनाने लिहा: माणसाचे पूर्ण नाव, गाव, तारीख, कोणी काढला. आमच्या या फोटोमागे नातीने एवढे लिहून खाली आणखी एक ओळ घातली आहे: "यांना एकोणतीसचा पाढा येतो."