गर्दीशुल्क आणि शाळेची वाट

रस्त्यावरील गर्दीसाठी शुल्क घेतले, की गरिबाच्या मुलाची शाळा महागते, हा आक्षेप सहज पटतो. पण ते मूल मोटारीने शाळेत जाते हे त्यात गृहीत धरलेले असते. लंडनने १७ फेब्रुवारी २००३ रोजी शहराच्या मध्यभागी मोटारींवर दिवसाला ५ पौंड शुल्क लावले, तेव्हा सोबत जादा बसगाड्याही उतरवल्या. या शुल्काचे निव्वळ उत्पन्न वाहतुकीवरच खर्च करण्याचे कायद्याचे बंधन आहे. पुढे २००५ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना बसप्रवास मोफत झाला. ती सवलत हा स्वतंत्र निर्णय होता हे खरे. पण मोकळ्या रस्त्यावर वेळेत पोचणारी बस नसेल, तर मोफत पासाचा विद्यार्थ्याला उपयोग काय? बसगाड्या आधी आणि शुल्क नंतर, हा क्रम म्हणूनच आम्हाला कळीचा वाटतो.

शिक्षकांचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. मध्यवस्तीतील घरभाडे न परवडल्याने दूर राहणाऱ्या, पहाटे बस न मिळणाऱ्या शिक्षकाला हे शुल्क पगारकपातीसारखेच लागते. लंडनमध्ये अपंगांना पूर्ण सूट मिळते; शिक्षकांना सरसकट नाही. सरसकट माफीने गर्दी परत येईल. त्यापेक्षा अशा शिक्षकांचा प्रवासखर्च शिक्षण खात्याने उचलावा.