फाशाला साक्षीदार लागतात

राजारामपुरीत एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही पाच जण दर रविवारी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळायचो. चौघांची चार पात्रं, म्हणजे पार्टी. पाचवा डीएम, अर्थात डन्जन मास्टर : गोष्ट सांगणारा, राक्षस चालवणारा आणि वाद झाला की निवाडा देणारा.

एका रविवारी चोराचं पात्र घेतलेल्या मैत्रिणीनं दरीवरून उडी मारायची ठरवली. "दोर बांध," आम्ही तिघं ओरडत होतो. "गप बसा रे, मी मारतो उडी," ती म्हणाली. (आमच्याकडं मुली 'मारतो'च म्हणतात, पुणेकरांनी गोंधळू नये.) वीस बाजूंचा फासा टेबलावरून घरंगळत चहाच्या कपाला जाऊन थटला. तीन पडले.

"कपाला लागला, परत टाकतो."

"तिरका राहिला असता तर परत. सपाट पडलाय."

दहा मिनिटं भांडण झालं. शेवटी डीएम म्हणाला, "पडला की पडला." चोर दरीत गेली. तिला बाहेर काढण्यात आमचे पुढचे तीन रविवार गेले, आणि आजही आम्ही भेटलो की गोष्ट निघते ती त्या दरीचीच.

आता आम्ही पाच जण पाच गावांत आहोत आणि प्रत्येकाकडं 'बाल्डर्स गेट ३' आहे. गेल्या दिवाळीत भेटलो तेव्हा गेमवर तासभर बोललो. प्रत्येकानं सगळ्यांना वाचवलं होतं. प्रत्येकाचं प्रत्येक बोलणं यशस्वी झालं होतं. "लोड केलं ना परत," एक जण सहज म्हणाला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. तासाभरात सांगण्यासारखी एक गोष्ट निघाली नाही.

म्हणून हा लेख. माझं म्हणणं सरळ आहे. टेबलावरचे नियम कॉम्प्युटरवर आणताना गेली पस्तीसेक वर्षं सगळं आणलं गेलं, फक्त ज्या नियमावर बाकीचे उभे आहेत तोच मागं राहिला : फासा पडला की पडला. आणि तो मागं राहिला, कारण फासा बघणारी माणसं मागं राहिली.

चुकीचं भांडण

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली आलं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी रचलेलं. १९८८च्या 'पूल ऑफ रेडियन्स'नं त्याचे नियम रीतसर परवान्यासह कॉम्प्युटरवर आणले. बेरजा-वजाबाक्या यंत्र करू लागलं. १९९८च्या 'बाल्डर्स गेट'नं आणखी मोठा बदल केला. त्या वेळच्या पुस्तकात लढाईची एक फेरी एका मिनिटाची होती, ती गेमनं सहा सेकंदांवर आणली. सगळे एकाच वेळी लढायचे आणि तुम्ही स्पेसबार दाबून काळ थांबवायचा. २००३च्या 'टेम्पल ऑफ एलिमेंटल इव्हिल'नं पुन्हा पाळीपाळीची लढाई आणली. २०२३च्या 'बाल्डर्स गेट ३'मध्येही पाळीच आहे.

यातलं जास्त प्रामाणिक कोण, यावर चाहते पंचवीस वर्षं भांडताहेत. माझ्या मते हे भांडणच चुकीच्या नियमावरून आहे. फेरी मिनिटाची की सहा सेकंदांची, यानं खेळाचा आत्मा बदलत नाही. बदलला तो दुसऱ्याच एका बटणानं.

जुन्या 'बाल्डर्स गेट'मध्ये पात्र तयार करताना 'रीरोल' असं एक बटण होतं. आकडे आवडले नाहीत, परत टाका. परत टाका. चांगले पडले तर जपून ठेवा आणि आणखी चांगल्यासाठी परत टाका. टेबलावर हे करून बघा. तिसऱ्या वेळी कुणीतरी तुमचा हात धरेल. कॉम्प्युटरसमोर हात धरायला कुणी नसतं, म्हणून लोक तासन्‌तास ते बटण दाबत बसायचे. मीही बसलोय.

'बाल्डर्स गेट ३'मध्ये एफ पाच दाबलं की सेव्ह, एफ आठ दाबलं की मागं. त्यात 'कार्मिक डाइस' नावाची एक सोय आहे आणि ती सुरुवातीपासून चालूच असते. फासे सलग वाईट किंवा सलग चांगले पडू नयेत म्हणून यंत्र आतून सांभाळून घेतं. स्क्रीनवर मात्र फासा थाटात गडगडतो, सोन्यासारखा चमकतो, आवाज करतो. नाटक पूर्ण, जोखीम शून्य.

सभेत विचारलेला प्रश्न

फाशाला साक्षीदार का लागतात, हे आपल्याला परदेशी खेळाकडून शिकायची गरज नाही. महाभारतातलं द्यूत आठवा. ते बंद खोलीत झालं नाही, भरसभेत झालं. आणि तिथं द्रौपदीनं जे विचारलं तो नियमाचाच प्रश्न होता : युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? आधी स्वतःला हरला असेल, तर मला पणाला लावायचा हक्क त्याला उरला होता का?

नियम जाणणारे सगळे समोर बसले होते. भीष्मांना उत्तर देता आलं नाही. विकर्ण तिच्या बाजूनं बोलला. धृतराष्ट्रानं हरलेलं परत दिलं आणि मग पुन्हा एक डाव झाला. म्हणजे एका अर्थानं तिथंही 'लोड' झालंच. पण फरक बघा. पहिला डाव कुणीही विसरलं नाही. तो आठवणीत राहिला म्हणून तर पुढचं युद्ध झालं.

यंत्रात नेमकं हेच होत नाही. तुम्ही एफ आठ दाबलं की सोबतचे तिघं सगळं विसरतात. तुमचा मूर्खपणा, त्यांचा मृत्यू, तुमचं खोटं, सगळं. ज्या जगात फक्त तुम्हालाच आठवतं, तिथं काही घडलेलंच नसतं.

आणि तिथं द्रौपदीचा प्रश्नही विचारता येत नाही. टेबलावर नियम हा वादाचा मुद्दा असतो. "सपाट पडलाय" आणि "कपाला लागला" यांच्यामध्ये पाच माणसं बसून न्याय शोधतात, कधी चुकतात, पण शोधतात. कॉम्प्युटरवर नियम म्हणजे न्यायालय नसलेला कायदा.

शाहू महाराजांच्या काळात उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानाची ख्याती ही की कुठंही बसा, आखाडा दिसतो. कुस्तीत पाठ लागली की नाही, हे हजारो डोळ्यांसमोर ठरतं. रिकाम्या मैदानातल्या चितपटीला कुणी कुस्ती म्हणत नाही, तिला सराव म्हणतात.

"पण भावा..."

आता तुमचे आक्षेप. पहिला : चार माणसं आणायची कुठून? प्रश्न खरा आहे. कोल्हापुरात हा खेळ खेळणारा शोधणं म्हणजे पांढऱ्या रश्श्यात तांबडी तर्री शोधणं. मी स्वतः मामेभावाच्या कॉम्प्युटरवर जुना 'बाल्डर्स गेट' खेळूनच या जगात आलो. तो नसता तर गच्चीवरची ती खोलीही नसती. त्या दाराचे उपकार आहेतच. पण दाराला घर म्हणायची सक्ती कशाला?

दुसरा : 'ऑनर मोड' आहे की! नोव्हेंबर २०२३मध्ये आला, एकच सेव्ह, मागं फिरणं नाही. चांगलीच गोष्ट आहे. पण त्यात शत्रूही जास्त कठीण करून ठेवलेत. म्हणजे निकाल कायम असणं ही पट्टीच्या खेळाडूंची मर्दुमकी ठरवली गेली. परत न फिरणं आणि कठीण असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमचा डीएम राक्षस चालवताना मऊच होता. फाशाबाबत मात्र कधीच नाही. सोपा पण न फिरणारा गेम करायला कुणी अडवलंय?

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार : डीएम आयत्या वेळी रचू शकतो, यंत्र नाही. प्रत्येक अपयशाची पुढची गोष्ट कुणी लिहायची? मान्य. पण गंमत अशी की 'बाल्डर्स गेट ३'च्या लेखकांनी यातलं बरंच लिहिलंय. बोलणी फिसकटली तर काय, सोबती रागावून निघून गेला तर काय. ते आपण बघतच नाही, कारण बोट एफ आठवर असतं. दोष निम्मा बनवणाऱ्यांचा, निम्मा आपला.

तेव्हा उद्या पुण्यात, कोल्हापुरात कुणी चार पात्रांचा गेम करायला बसलं तर त्यांना एकच सांगणं. वीस बाजूंचा फासा, चिलखताचे आकडे, मंत्रांच्या याद्या हे सगळं आणलं नाहीत तरी चालेल. आधी अशी पार्टी आणा जिला आठवतं. एका हातात चार बाहुल्या म्हणजे पार्टी नव्हे. जिथं कुणीतरी "नको मारू उडी" म्हणतं आणि उडी फसल्यावर ते महिनाभर ऐकवतं, ती पार्टी.

दिवाळीनंतर आम्ही ठरवलं की एकत्र ऑनलाइन खेळायचं, एफ आठ बंद. तेव्हा लक्षात आलं की गेममध्ये जागा चौघांनाच आहे. डीएमची खुर्ची यंत्रानं घेतलेली. आमचा डीएम म्हणाला, "खेळा तुम्ही, मी कॉलवर बसतो."

दुसऱ्या रात्री एका गावात आमच्या चोरानं पहारेकऱ्याला थाप मारली. फासा फसला, तलवारी निघाल्या, आणि ज्या माणसाला वाचवायला आम्ही आलो होतो तोच मेला. सगळे एकदम ओरडायला लागले. "शेवटचं एकदा लोड करूया," ती म्हणाली. "मी परत नाही मागत."

कॉलवर क्षणभर शांतता. मग इतका वेळ गप्प असलेला डीएम बोलला.

"मी बघितलंय."

अर्धा तास भांडलो. लोड केलं नाही.