पऱ्हाटीला कळते ते

१९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी विमानांनी व्हिएतनामवर ७ कोटी लिटरांहून अधिक तणनाशके फवारली. त्यांतील ‘एजंट ऑरेंज’चा निम्मा भाग २,४-डी होता. घातक डायॉक्सिन उरलेल्या निम्म्यात होते, हा विक्रेत्यांचा बचाव खरा. पण तेवढ्याने २,४-डी निर्धोक ठरते काय? अकोला-अमरावतीच्या शिवारात शेजारच्या धुऱ्यावरून त्याचा वारा लागला, तरी पऱ्हाटीची पाने भेंडीसारखी होतात. पऱ्हाटीचे दुखणे आम्हांस ओळखता येते. पाठीवर पंप वाहणाऱ्या मजुराचे कोण ओळखणार? आजारी सैनिकांसाठी अमेरिकेने १९९१ मध्ये कायदा केला, तोही २० वर्षांनी. आमच्या मजुराने तितकी वाट का पाहावी? प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात फवारणाऱ्यांची नोंद झालीच पाहिजे. नोंदच नसेल, तर उद्या पुरावा कोठून येणार?