पिणाऱ्याची साक्ष

विषारी दारूच्या खटल्यात सर्वांत मोलाचा साक्षीदार बहुधा स्वतःही गुन्हेगार ठरू शकतो. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत अशा दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. गुत्ता कोणता, पिशवी कोणी हातात दिली, पैसे कोणी घेतले, हे सांगू शकतो तो पिऊनही वाचलेला माणूस. पण १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या कलम ६६ नुसार परवान्याविना दारू पिणे हाच गुन्हा आहे. ‘मी तिथे प्यायलो’ असे सांगितल्याशिवाय साक्ष पुरी होत नाही आणि सांगितले की गुन्हा कबूल होतो.

घटनेच्या कलम २०(३) चे संरक्षण आरोपीला आहे. न्यायालयात उभ्या राहिलेल्या साक्षीदाराला उत्तर टाळता येत नाही. त्याच्या बदल्यात त्या उत्तरावरून त्याला अटक करता येत नाही, खटला भरता येत नाही, की ते उत्तर त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. अपवाद खोट्या साक्षीचा. १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम १३२ ची ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३७ मध्ये आहे.

तरीही हे कवच तोकडेच. ते उत्तराला मिळते, कृत्याला नाही. रक्ताच्या अहवालासारखा स्वतंत्र पुरावा हाती असेल तर पिण्याबद्दल खटला भरता येतो. अमेरिकेने १९१९ च्या व्होल्स्टेड कायद्यात याहून उदार वाट धरली होती. समन्सनुसार शपथेवर साक्ष देणाऱ्यावर त्या संपूर्ण व्यवहाराबद्दल खटला भरण्यास तिथे मनाई होती.

खरी अडचण न्यायालयाच्या आधीच येते. पोलिसी जबाबात स्वतःला गोवणारे उत्तर नाकारण्याची मुभा कायदाच देतो. रुग्णालयातल्या खाटेवरचा हातावर पोट असलेला मजूर घाबरून गप्प बसला, तर त्याला दोष देता येणार नाही. मात्र तेवढ्या वेळात भट्टीवाला पिंपे हलवतो.

म्हणून विषारी दारूच्या तपासात केवळ पिण्याबद्दल कारवाई होणार नाही, असा लेखी आदेश राज्य सरकारने काढावा आणि जबाब घेण्यापूर्वी तो साक्षीदाराला वाचून दाखवावा. याआडून विक्रेते सुटतील, ही शंका रास्त आहे. त्यामुळे सवलत पिण्यापुरतीच हवी, विक्रीला, वाहतुकीला किंवा भेसळीला नको. त्या साखळीतल्या माणसासाठी माफीच्या साक्षीदाराचा मार्ग आहेच. तिथे सारे खरे सांगण्याची अट असते आणि काही दडवले तर मूळ गुन्ह्याचा खटला पुन्हा उभा राहू शकतो.