विषय थोडा जड आहे!

शीर्षक वाचून हा लेख थर्मोडायनॅमिक्सवर आहे असं कुणाला वाटलं असेल तर क्षमस्व. हा लेख बद्धकोष्ठतेवर आहे. हो, त्याच! आपल्या अंकात दरवर्षी आई, पाऊस, मैत्री, शेतकरी आणि मोबाईलचे दुष्परिणाम यांवर भरभरून लिहिलं जातं. पण ज्या एका कारणाने होस्टेलमधली बरीच जनता सकाळच्या पहिल्या लेक्चरला चेहरा पाडून बसलेली असते, त्यावर एक ओळ सापडत नाही. म्हटलं, या वर्षी आपणच लिहू. नाक मुरडायचं असेल त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं आणि मग पुढे वाचावं.

या विषयावर कुणी बोलत नाही, कारण लाज. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे 'मे आय गो टू द टॉयलेट, मिस?' हे एक वाक्य सगळ्यांना पाठ होतं. पण तिथे जाऊन काम झालं की नाही, हे सांगायला आमच्याजवळ ना इंग्रजी होतं ना मराठी. याउलट आजीकडे शब्दांचा साठाच! कोठा जड झाला, पोट साफ नाही, खडा झाला, कुंथावं लागतं... डॉक्टरला नेमकं हेच तर ऐकायचं असतं. आपण मात्र 'थोडं पोट बरोबर नाही' एवढंच बोलतो आणि अॅसिडिटीची गोळी घेऊन परत येतो. मग आपण जे बोलत नाही ते भिंती बोलतात. एसटी स्टँडपासून निघा, 'मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन इलाज' हे रंगवलेलं दिसलं नाही असा रस्ता सापडणं कठीण!

लाजायचंच असेल तर शेजारच्या वर्धा जिल्ह्याकडे बघा. सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींनी आपल्या आत्मकथेत स्वतःच्या बद्धकोष्ठतेबद्दल सरळ लिहिलंय. त्यासाठी केलेले कटिस्नानाचे आणि पोटावर मातीची पट्टी ठेवण्याचे प्रयोगही सांगितलेत. त्या उपायांचं सोडा, पण सांगण्याची हिंमत घेण्यासारखी आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. होस्टेलमधला हा त्रास पाणी, वेळ, संडास आणि मेस या चार ठिकाणी तयार होतो. त्यामुळे तो सुटायचा असेल तर तिथेच सुटेल. चूर्णाच्या डबीवर सगळा भार टाकून चालणार नाही.

आधी यंत्र समजून घेऊ, शेवटी आपण इंजिनिअर! मोठं आतडं म्हणजे सुमारे दीड मीटर लांबीचा पाइप. त्याचं एक मोठं काम आतल्या मालातलं पाणी शोषून घेणं. माल जितका जास्त वेळ आत राहील तितकं पाणी जास्त शोषलं जातं आणि तो तितकाच टणक होतो. रोज झालंच पाहिजे असा काही नियम नाही बरं का. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, इथपर्यंत सगळं नॉर्मल धरतात. आठवड्यात तीनपेक्षा कमी वेळा होणं, खडे होणं, दरवेळी जोर लावावा लागणं, गेल्यावरही साफ झाल्यासारखं न वाटणं, हा खरा त्रास.

दुसरी गंमत म्हणजे निसर्गाचं टाइमटेबल. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलायला लागतं आणि सकाळी उठल्यावर, न्याहारीनंतर त्याचा जोर जास्त असतो. आता आपलं टाइमटेबल बघा. रात्री दोनपर्यंत सबमिशन, सकाळी सव्वासातला उठणं, अख्ख्या मजल्याला मोजके संडास, बाहेर बादल्यांची रांग, त्यात टाकीचं पाणी संपलेलं. न्याहारी बुडते, आणि आतड्याने दिलेली हाक आपण 'नंतर बघू' म्हणून परत पाठवतो. एकदा दोनदा ठीक. पण रोजच दाबत गेलं की हाक मंद होत जाते, आणि माल आतमध्ये वाळत बसतो. घरून होस्टेलला आल्यावरच हा त्रास का सुरू होतो, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

मुलींचं याहून वेगळं. कॉलेजमधला संडास स्वच्छ नसेल, कडी नसेल, तर मुली सोपा उपाय करतात. सकाळपासून पाणीच पीत नाहीत! उमरखेडहून एसटीने यवतमाळला येणारी मुलगी घरून निघतानाच पाणी पिणं बंद करते, कारण मधल्या स्टँडवरचं काही सांगता येत नाही. त्यात रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही पोट घट्ट होतं. अशा वेळी गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगून बदलून घ्या.

आता पाणी. यवतमाळकरांना पाण्याचं महत्त्व मी काय सांगणार? २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटले आणि शहर टँकरवर आलं होतं. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास जातो आणि नेमकी तेव्हाच समर एक्झाम! घामावाटे गेलेलं पाणी भरून काढलं नाही तर आतडं आपला हिस्सा मालातूनच ओढून घेतं. पण नुसतं पाणी पिऊनही भागत नाही. पाणी धरून ठेवायला पोटात चोथा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला निदान २५ ग्रॅम चोथा, म्हणजे फायबर हवं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय पदार्थांचे तक्ते छापले. त्यात १०० ग्रॅम ज्वारीत चोथा सुमारे १० ग्रॅम आहे, गव्हाच्या न चाळलेल्या कणकेत ११, तांदळात आणि मैद्यात मात्र जेमतेम तीन. अख्ख्या चण्यात २५! म्हणजे पोळी दोषी नाही, चाळणी दोषी आहे. आणि आपला दिवस कसा जातो? सकाळी तर्री पोहे, दुपारी भात आणि पातळ वरण, चारला कॅन्टीनचा आलूबोंडा, रात्री आलूची भाजी आणि त्यावर मैद्याची बिस्किटं. आपल्या जिल्ह्याच्या शेतातून कापूस आणि सोयाबीनने ज्वारी हटवली, ताटातून ती आपण हटवली. बरबटीची उसळ, भिजवलेले चणे, अंबाडीची भाजी, भाकरी आणि हिवाळ्यात गाडीवरचे जाम (पुणेवाल्यांनी पेरू वाचावं), यात महाग काय आहे? फक्त हळूहळू वाढवा. एकाच दिवशी सगळं सुरू केलं तर रूम पार्टनर तक्रार करेल.

काही मुलांचं ठाम मत आहे की खर्रा घोटल्याशिवाय प्रेशरच येत नाही. यात थोडं तथ्य आहे, कारण निकोटिनने आतड्याला धक्का बसतो. पण तो धक्का उधारीचा आहे आणि व्याज तोंडाच्या कॅन्सरने फेडावं लागतं. गरम पाण्याचा गिलास, चार घास न्याहारी आणि दहा निवांत मिनिटं हेच काम फुकटात करतात. बसण्याची पद्धतही महत्त्वाची. उकिडवं बसलं की गुदमार्गाचा वाक सरळ होतो, जसा बागेतल्या पाइपचा पीळ सोडल्यावर पाणी सुटतं तसा. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या. आणि मोबाईल बाहेर ठेवून जा! अर्धा अर्धा तास बसून, कुंथून मूळव्याध ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

तरीही अडलंच तर? इसबगोल घ्या, पण भरपूर पाण्यासोबत, कोरडा गिळू नका. परिणाम दिसायला एक ते तीन दिवस लागतात, धीर धरा. बाजारातल्या अनेक चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला ढकलते. एखाद्या वेळी ठीक आहे, पण स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने रोज घ्यायची ती वस्तू नाही, डबीवर 'आयुर्वेदिक' लिहिलेलं असलं तरी. आणि रक्त पडणं, वजन उतरणं, जाताना चिरल्यासारख्या वेदना, किंवा दोन-तीन आठवडे काहीच फरक नसणं, यातलं काही असेल तर भिंतीवरचा नंबर न फिरवता सरळ दवाखान्यात जा. पोट फुगलं, उलट्या होताहेत आणि वायूही सरत नाही, तर त्याच क्षणी, रात्र असली तरी!

आता सर, मॅडम आणि वॉर्डन साहेबांना नम्र विनंती. आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावं झाडत हिंडले. त्यांचं नाव आपल्या प्रत्येक मार्कशीटवर येतं, मग त्याचा थोडा अंश संडासच्या दारापर्यंतही पोहोचू द्या. मागणी फार नाही. सकाळी नऊपर्यंत टाकीत पाणी, प्रत्येक दाराला कडी, प्रत्येक मजल्यावर पिण्याच्या पाण्याचा फिल्टर, आठवड्यातून तीनदा उसळ आणि दोनदा भाकरी. आणि लेक्चरमध्ये कुणी हात वर करून बाहेर जायचं म्हटलं तर 'आत्ताच का?' हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर आतड्याकडे असतं, विद्यार्थ्याकडे नाही.

आणि मित्रांनो, तुम्हालाही एक सांगते. शेजारच्या रूममधला कुणी सारखा पोट धरून बसत असेल तर त्याला चिडवू नका, हसू नका. विचारा, 'काय रे, कोठा जड आहे का?' हा शब्द एकदा तोंडातून बाहेर पडला की अर्धं काम झालं समजा. उरलेलं अर्धं पाणी, उसळ आणि सकाळची दहा मिनिटं करतील.