माफीच्या यादीत टिटुबा कुठे आहे?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०२२ साली एलिझाबेथ जॉन्सन या स्त्रीला निर्दोष जाहीर केले. तिचा गुन्हा काय? चेटूक! शिक्षा झाली होती १६९३ साली. शाळकरी मुलांनी व त्यांच्या शिक्षिकेने पाठपुरावा केला म्हणून हा कलंक पुसला गेला. त्या मुलांचे अभिनंदनच केले पाहिजे. सेलम खटल्यांत दोषी ठरलेल्या सर्वांची नावे आता स्वच्छ झाली, असे सांगितले गेले. पण टिटुबाचे काय?

१६९२ च्या फेब्रुवारीअखेर सेलममध्ये सर्वप्रथम तीन बायकांवर वॉरंट निघाले. दारोदार भीक मागणारी सारा गुड, आजारपणामुळे चर्चला न जाणारी सारा ऑस्बर्न आणि पाद्री सॅम्युअल पॅरिसच्या घरची गुलाम टिटुबा. धर्मसत्तेचा हात सर्वप्रथम कुणाच्या मानेवर पडतो, ते यावरून कळते. पुढे १९ जणांना फाशी झाली, त्यांत १४ स्त्रिया. 'हिची सावली येऊन आम्हाला चिमटे काढते,' असे मुलींनी सांगितले की न्यायालयाला तोही पुरावा पुरे होता! कबुलीवर ठाम राहिले ते फासावरून वाचले; 'मी निर्दोष आहे' म्हणणाऱ्यांना मात्र दोर मिळाला. टिटुबाने कबुली दिली. मालकाने मारून ती वदवून घेतली, असे तिने नंतर सांगितल्याची नोंद आहे.

१७११ साली सरकारने भरपाई मंजूर केली. सारा गुड फासावर गेली होती, तिची चार-पाच वर्षांची मुलगी कित्येक महिने बेड्यांत होती. त्यांच्या नावाचे ३० पौंड मिळाले साराच्या नवऱ्याला. चौकशीत 'बायको चेटकीण आहे किंवा लवकरच होईल' असे सांगणारा हाच तो नवरा!

टिटुबावरील आरोप ज्यूरीने फेटाळला, खटला चाललाच नाही. शिक्षाच नाही, मग ती रद्द करण्याचा ठराव कशाचा करणार? आणि भरपाई तरी कोण देणार? कायदा स्वतःच्या वहीत लिहिलेली चूक तेवढी खोडतो. गुलामाचे दुःख त्या वहीत चढलेच नव्हते.

त्या काळी तुरुंगाचा खर्च कैद्याच्याच माथी मारला जाई. पॅरिसने तो भरायला नकार दिला. वर्षाहून अधिक काळ टिटुबा कोठडीत पडून राहिली. अखेर कुणीतरी ती रक्कम चुकती केली आणि तिला विकत घेतल्यासारखे घेऊन गेला. त्यानंतर कागदपत्रांत तिचा पत्ता लागत नाही.